सतरा पायऱ्यांचं हसू

माझी मावशी एका सिनेमात हसली होती. म्हणजे तोंड नायिकेचं होतं, आवाज मावशीचा. ही गोष्ट ती गेली अडतीस वर्षं सांगत होती आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, सोडले तर घरातल्या एकाही माणसाचा तिच्यावर विश्वास नव्हता. माझे बाबा तर उघड म्हणायचे, की मेहुणीचं बाकी सगळं खरं असतं, फक्त हे एक सोडून. आईला बहिणीची बाजू घ्यायची असायची, पण तीही शेवटी म्हणायची, "असेल बाई, एखाद्या गर्दीत वगैरे हसली असेल."

सिनेमाचं खरं नाव लांबलचक होतं. लोक त्याला जिन्याचा सिनेमा म्हणायचे. त्यात नायिका वरच्या मजल्यावरून सतरा पायऱ्या हसत हसत उतरते आणि खाली उभा असलेला नायक तिचा पाय फरशीला लागेपर्यंत प्रेमात पडून मोकळा होतो. सिनेमा तुफान चालला होता. पण थिएटरांतून उतरला तो उतरलाच. ना कधी टीव्हीवर आला, ना त्याची व्हिडिओ कॅसेट निघाली, ना पुढे डीव्हीडी. त्यामुळे मावशीचं हसणं पडताळून पाहायची काही सोयच नव्हती.

माझी स्वतःची व्हिडिओ लायब्ररी आहे. दीड माणूस उभा राहील एवढं दुकान, तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, आणि एक स्टूल. त्यावर चढून वरच्या फळीवरचे जुने सिनेमे काढायचे. दुकान उघडल्यापासून गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त मागत ती नेमकी माझ्याकडे नसलेली डीव्हीडी. जिन्याचा आला का? नाही आला. का नाही आला? याची उत्तरं गिऱ्हाइकंच एकमेकांना देत. निर्मात्याच्या दोन मुलांचं पटत नाही. नायकाला म्हातारपणी स्वतःचं तरुणपण बघवत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे, त्यांचं मत ठाम होतं: मूळ फिल्म गोदामात उंदरांनी खाल्ली. कोणी शंका काढली की ते फक्त "उंदीर" एवढंच म्हणत आणि चर्चा संपवून टाकत.

आणि दर मंगळवारी मावशी यायची. स्टुलावर बसायची, पिशवी मांडीवर घ्यायची आणि विचारायची, "काय गं, आला का?" मी नाही म्हटलं की कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. लोकांच्या आवडीचा सिनेमा असा दाबून ठेवतात म्हणजे काय, यांना काही लाजलज्जा आहे की नाही, कोण तो शहाणा आडवा पडलाय, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा. आजूबाजूची गिऱ्हाइकं माना डोलवायची. मुख्याध्यापक म्हणायचे, "उंदीर."

आता ते हसणं सिनेमात गेलं कसं, ते सांगते. मावशीच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मीच तिथे होते असं वाटतं.

मावशी तेव्हा विशीतली आणि एका चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, नाकावर ती लोखंडी जड फ्रेम चढवायची, एक डोळा झाकायचा, दुसऱ्यापुढे एकेक काच बदलत विचारायचं, "आता बरं दिसतंय की आधी?" मागच्या खोलीत एक तरुण यंत्रावर काचा घासत बसलेला असायचा. हेच पुढे आमचे काका झाले. काकांचा चेहरा तेव्हाही असाच होता, पोस्टाच्या पेटीसारखा. त्यावरून आत काय आहे त्याचा काही पत्ता लागत नाही. ते कधी हसत नाहीत. पण बोलतात असं काही, की समोरचा कोलमडतो. आणि मावशी म्हणजे आधीच काठोकाठ भरलेला हंडा. जरा धक्का लागला की सांडला.

एकदा एक गृहस्थ नवा चष्मा परत घेऊन आले. तक्रार अशी, की यातून सगळं फार स्पष्ट दिसतं. जुन्या चष्म्यातून भाऊ बरा दिसायचा, आता त्याचा चेहरा बघवत नाही. आतून यंत्र थांबल्याचा आवाज आला आणि काका शांतपणे म्हणाले, "जुना नंबर घालून देतो. पण मग रस्ता ओलांडताना त्याच भावाचा हात धरा." मावशीला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

त्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सिनेमाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग व्हायचं. दोन्ही मजल्यांना जोडणारी हवेची एक मोठी नळी होती, आणि त्या नळीतून मावशीचं हसू वर जायचं, हे खाली कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी ध्वनिमुद्रक, म्हणजे वरचा तो आवाज टिपणारा माणूस, तणतणत खाली आला. वर नायिकेच्या वडिलांचा मृत्यू चाललाय आणि तासाभरात तीनदा कोणीतरी खदखदून हसलंय, अशी त्याची तक्रार. तो तोंड उघडणार एवढ्यात काका आतून पुन्हा काहीतरी म्हणाले, मावशी पुन्हा सांडली, आणि ध्वनिमुद्रक दारातच थबकला. भांडायचं विसरून त्याने विचारलं, "बाई, हेच वर येऊन हसाल का?"

वर त्यांचं अडलं होतं. नायिकेला रडणं उत्तम यायचं, हसणं येत नव्हतं. तिने म्हणे साठ वेळा हसून पाहिलं होतं आणि दर वेळी कोणीतरी तिला पाणी आणून दिलं होतं.

मावशी वर गेली. तिला माइकसमोर उभं केलं, लाल दिवा लागला, आणि हसू जे पळालं ते पळालंच. तिने हा हा म्हणून पाहिलं, ही ही म्हणून पाहिलं. शेवटी तिनेच सांगितलं, मला असं हसता येत नाही, मला हसवणारा खाली आहे. काकांना बोलावलं. ते हात पुसत, बाहीला काचेची पांढरी भुकटी लागलेली, असे वर आले. त्यांना सांगितलं, काहीतरी विनोदी बोला. काकांनी माइककडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खाली ते गिऱ्हाईक अजून वाचतंय."

मावशीला आठवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना खुर्चीत बसवून, नाकावर लोखंडी फ्रेम, एक डोळा बंद, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचा असं सांगून ती वर आली होती. आता काकाही वर होते. ते गृहस्थ रिकाम्या दुकानाला अक्षरं वाचून दाखवत होते. मावशी जी हसत सुटली ती एकोणीस सेकंद. मध्येच श्वास घेताना तिच्या घशातून रहाट कुरकुरल्यासारखा एक हुंकार निघाला, तोही टिपला गेला. दिग्दर्शक म्हणाला, हुंकारासकट ठेवा. मोबदला म्हणून सिनेमाची दोन तिकिटं मिळाली, ती काकांनी आणि मावशीने मिळून वापरली, आणि सहा महिन्यांनी लग्न केलं.

गोष्ट एवढीच. आमच्यापैकी कोणी ती मानत नव्हतं, कारण ती फारच छान होती.

मी दर महिन्याला डीव्हीडी कंपनीच्या विक्रेत्याला फोन करायचे. जिन्याच्या सिनेमाबद्दल त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "कागदपत्रं चालू आहेत." एकदा तो रजेवर होता आणि फोन कंपनीच्या वकीलबाईंनी उचलला. आवाज तरुण आणि अत्यंत गंभीर. मी सवयीने विचारलं, की एवढा गाजलेला सिनेमा, अडलाय कुठे. त्यांनी ते मनावर घेतलं आणि सविस्तर सांगितलं. जुन्या सिनेमांचे करार झाले तेव्हा घरी बसून सिनेमा बघता येईल हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. कागदावर लिहिलंय फक्त थिएटर. त्यामुळे आता प्रत्येकाची किंवा त्याच्या वारसांची सही नव्याने घ्यावी लागते. गाणी लिहिणाऱ्याची मुलं चार देशांत, संगीतकाराच्या दोन बायका, त्या एका खोलीत बसायला तयार नाहीत. सगळं जमवत आणलं, सहा वर्षं लागली. आता एकच सही राहिली आहे.

कोणाची, असं मी विचारलं. कागद चाळल्याचा आवाज आला. मग वकीलबाईंनी वाचून दाखवलं, जसंच्या तसं: "हास्य, एक नग. खालच्या चष्म्याच्या दुकानातली मुलगी. फक्त थिएटरसाठी."

ध्वनिमुद्रकाने वहीत नाव लिहायचं सोडून हे लिहून ठेवलं होतं. चष्म्याचं दुकान गेलं, इमारत गेली, ध्वनिमुद्रक गेला. मुलगी सापडत नव्हती. मी स्टुलावर बसले. स्टुलावर मावशी आधीच बसलेली होती, कारण तो मंगळवार होता. तिने मला ढकललं आणि कंपनीला माझ्या वतीनेही दोन शब्द सुनाव म्हणून सांगितलं.

"मावशी," मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "तो आडवा पडलेला शहाणा सापडला."

"कोण मेला?"

"तू."

मावशीला पटायला पाच मिनिटं लागली आणि पटल्यावर तिला जो आनंद झाला तो काही केल्या मावेना. सहा वर्षं सगळ्या जगाचा सिनेमा आपण एकटीने अडवून धरलाय, हे तिने समोर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. मुख्याध्यापक आले तेव्हा ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "उंदीर नव्हे, मी." मुख्याध्यापक काही न घेता गेले.

वकीलबाईंनी पुढे सांगितलं, की कंपनीने दोन वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात जाहीर सूचनाही दिली होती. मावशीला ती आठवत होती. तिने वाचली होती. त्यात 'पार्श्वध्वनी कलावंत स्त्री' असं लिहिलं होतं, आणि कोण बिचारी असेल, सापडत नाही, म्हणून मावशी त्या दिवशी हळहळलीसुद्धा होती. पण सूचना वाचून अकरा जणी मात्र कंपनीत आल्या होत्या, हास्य आमचंच म्हणून. त्यात एक पुरुषही होता. तेव्हापासून कंपनीने नियम केला: आधी हसून दाखवा, मग सही.

ठरल्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि मावशी-काकांना घेऊन कंपनीच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले. चौथा मजला, भिंतींना मऊ करडं कापड, मध्ये एक काच. काचेपलीकडे कानांवर हेडफोन लावलेला एक जाडजूड, मितभाषी माणूस. वकीलबाई काचेअलीकडे, मांडीवर फायलींचा गठ्ठा. वय फार तर सत्तावीस, चेहरा असा की काका त्यांच्याकडे पहिल्यांदाच आपला कोणी नातलग भेटल्यासारखे बघत होते.

मावशी माइकसमोर उभी राहिली. लाल दिवा लागला. आणि अडतीस वर्षांपूर्वी झालं तेच पुन्हा झालं. हा हा, ही ही, आणि मग एक खोकला. हेडफोनवाला नम्रपणे म्हणाला, घाई नाही. मावशीने काकांकडे पाहिलं. काका पुढे झाले, माइककडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खाली ते गिऱ्हाईक अजून वाचतंय."

मावशीचा चेहरा एकदम पडला. "अहो, ते आता कुठले असायला," ती म्हणाली. "तेव्हाच सत्तरीचे होते. किती सज्जन माणूस. एका शब्दानेही रागावले नाहीत." आणि तिने पदराने डोळे टिपले.

काकांनी आणखी चार-पाच गोष्टी सांगितल्या. एरवी त्यातल्या एकीवरही मावशी गडबडा लोळली असती. आता ती नुसती मान हलवायची आणि म्हणायची, हे छान होतं, पण हसू येत नाहीये. पाऊण तास गेला. मी गुदगुल्या सुचवल्या, तर वकीलबाई म्हणाल्या की तसं मिळवलेलं हास्य ग्राह्य धरता येणार नाही.

शेवटी वेळ वाया जायला नको म्हणून वकीलबाई म्हणाल्या, की तोवर मी करार वाचून दाखवते. आणि त्यांनी सुरुवात केली. "सदर हास्य, यापुढे 'हास्य' असे संबोधले जाईल, ते संपूर्ण वा अंशतः, एकत्र वा सुटे, आज ज्ञात असलेल्या व भविष्यात शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांतून, समस्त विश्वात, अनंत काळपर्यंत वापरण्याचा हक्क..."

"थांबा," काका म्हणाले. "समस्त विश्वात म्हणजे चंद्रावरही?"

वकीलबाईंनी पानावर बोट ठेवून वाक्य पुन्हा वाचलं. "हो. चंद्र समाविष्ट आहे."

"आणि शनी?"

त्यांनी क्षणभर विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला, ते मला दिसलं. "कड्यांसह," त्या म्हणाल्या.

मावशीच्या घशात काहीतरी हललं. काका तसेच गंभीर, वकीलबाई त्यांच्याहून गंभीर. काकांनी विचारलं, की समजा शनीवर कोणी अंशतः हास्य लावलं, म्हणजे नुसतं ही लावलं आणि हा लावलं नाही, तर तिथून तक्रार कोणाकडे करायची. वकीलबाईंनी पान उलटलं. तक्रारींचं अधिकारक्षेत्र याच शहरातलं न्यायालय राहील, त्यांनी सांगितलं, तक्रारदाराने प्रत्यक्ष हजर राहणं आवश्यक.

आणि मावशी सुटली.

आधी खालून, पोटातून, मग वर, मग सगळीकडून. खोलीतलं ते करडं कापडही तिचं हसू शोषून घेईना. मध्ये श्वास घेताना रहाट कुरकुरला तसा तो हुंकार निघाला, आणि काचेपलीकडच्या जाड्या माणसाने दोन्ही हात वर केले, जणू त्याच्याच संघाने गोल केला. त्याने आम्हाला जुनं हसणं लावून दाखवलं. एक तरुण मुलगी हसत होती, आणि माझ्या शेजारी साठीच्या माझ्या मावशीची धाप अजून थांबत नव्हती, आणि हसू तेच होतं. तेच, घडीसुद्धा मोडली नव्हती. मला एकाएकी फार लाज वाटली. एवढी वर्षं आम्ही तिला खोटं ठरवलं होतं, आणि तिने त्याचाही राग धरला नव्हता.

वकीलबाईंनी पेन पुढे केलं. मोबदल्याचं बोलणं दोन मिनिटांत झालं, त्यात मावशीला काही रस नव्हता. पण सही करायला वाकलेली ती मध्येच सरळ झाली.

"चंद्र मी देणार नाही," ती म्हणाली.

कारण काय, असं वकीलबाईंनी विचारलं.

"कारण काही नाही. सगळंच कसं देऊन टाकायचं? बाईमाणसाने थोडं स्वतःकडे ठेवावं."

मला वाटलं, आता वकीलबाई वैतागणार. पण त्यांनी शांतपणे वहीत टिपून घेतलं, "चंद्र वगळून", आणि सांगितलं की हे माझ्या अधिकारात नाही, वर विचारावं लागेल.

वर विचारायला तीन आठवडे लागले. कंपनीत म्हणे दोन बैठका झाल्या. माझ्या दुकानात लोक विचारायचे, आता काय अडलंय, आणि मी म्हणायचे, चंद्र. कोणी खुलासा मागायचं नाही. उंदरांपेक्षा हे बरं वाटत असावं. एकदा वकीलबाईंचा फोन आला. वरिष्ठांची एक शंका आहे, त्या म्हणाल्या. चंद्राकडे जाणाऱ्या यानात सिनेमा दाखवला तर ते चंद्रात धरायचं का? मी काकांना विचारलं. काकांनी विचार करून निरोप दिला, "जाताना बघू द्या. उतरल्यावर बंद करा." कराराच्या नव्या मसुद्यात हे वाक्य कायद्याच्या भाषेत सात ओळींचं झालं. मावशीने त्याखाली सही केली आणि वकीलबाईंना जवळ घेतलं. माझ्या माहितीप्रमाणे त्या तेव्हा पहिल्यांदा हसल्या. अगदी थोडं, पण काकांनी ते पाहिलं आणि नंतर मला सांगितलं, की या मुलीत दम आहे.

दोन महिन्यांनी जिन्याचा सिनेमा आला. मी वीस प्रती मागवल्या, त्या दुपारपर्यंत संपल्या. तिसऱ्या दिवसापासून लोक परत येऊ लागले: जिन्याच्या प्रसंगात डिस्क अडकते, मध्येच कुर्र असं वाजतं. मी त्यांना समजावून सांगायचे, की ती अडकत नाही, ती माझी मावशी श्वास घेते. काहींना पटलं. मुख्याध्यापक डिस्क तीन दिवस ठेवून परत करायला आले आणि म्हणाले, सिनेमा ठीक आहे, गोदामात होता तेव्हा जास्त चांगला वाटायचा.

रविवारी दुपारी सगळे आमच्या घरी जमलो. आई, बाबा, मावशी, काका, माझा नवरा, मुली, आणि मावशीने खास बोलावलेल्या वकीलबाई. पडदे ओढले. पहिला अर्धा तास मावशी कोणाला बोलू देईना. जिना आला. नायिकेने कठड्यावर हात ठेवला, पहिली पायरी उतरली, हसायला लागली, आणि मावशीला ते बघून एवढं हसू आलं, की टीव्हीतलं कोणाला ऐकूच आलं नाही. मागे नेलं, पुन्हा लावलं. आता माझ्या मुलीही तिच्यात सामील. पुन्हा मागे नेलं. तिसऱ्यांदा मावशीने तोंडात पदर कोंबला, तर काका म्हणाले, "गप्प बसायचं कुठल्या कलमात लिहिलंय?" आणि तो पदरही बाहेर आला. चौथ्या वेळी आईही हसत होती, आणि हसता हसता बाबांना चापट्या मारत होती, जणू गेली अडतीस वर्षं तिचा तरी विश्वास होताच.

नायिका बिचारी सारखी वरच्या पायरीवर जात होती आणि तिचं प्रेम काही जमत नव्हतं.

बाबा उठले, खुर्ची उचलून टीव्हीच्या अगदी पुढ्यात नेली, कानामागे हात धरून बसले, आणि मागे न बघता मला म्हणाले, "आवाज वाढव. आणि मेहुणीला जरा बाहेर ने, मला ती ऐकायची आहे."